आपण बुजवलेली भोकं

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी कधी झाली, पहिली कमिटी कोणाची, बोअरवेल कधी मारली, लिफ्ट कधी बदलली, हे सगळं आलं. ते या स्मरणिकेत इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहिणार आहे तो ड्रिल मशीनचा इतिहास. या पंचवीस वर्षांत असा एक महिना आठवत नाही की आपल्या तिन्ही विंगपैकी कुठल्याच घरात काही ना काही फुटत नव्हतं. 'दुपारी दोन ते चार काम बंद ठेवावे' ही आपल्या नोटीस बोर्डावरची सर्वांत जुनी सूचना. चेअरमन बदलले, सूचना तीच राहिली.

या तोडफोडीला शंभर-सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी आहे, आणि ती आपल्या इथे डोंबिवलीत नाही, मुंबईत सापडते. 1896 साली मुंबईत प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून रोग पसरतो अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदरांवरच्या पिसवांचा या रोगातला वाटा पुढे सिद्ध झाला. पण तोवर सरकारी माणसं घरात शिरून कौलं काढत होती, उजेड-वाऱ्यासाठी छपराला भोकं पाडत होती. राहायला अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली जात. लोकांना तो जुलूमच वाटला, आणि होताही. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दोन इमारतींत किती अंतर हवं, खालच्या मजल्यापर्यंत आकाश किती दिसलं पाहिजे, यासाठी ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा नियम आणला. आज इमारतीभोवती मोकळी जागा सोडायचे जे नियम आपण गृहीत धरतो, त्यांची मुळं त्या काळात आहेत. थोडक्यात, आपल्या भिंतीतली खिडकी फुकट आलेली नाही. तिच्यामागे हजारो माणसांचे बळी आहेत.

सहकारी गृहनिर्माण संस्थासुद्धा त्याच सुमाराची. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी 1915 सालची. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचा पुढाकार होता. भाडेकरूंनीच एकत्र येऊन आपल्या इमारतीचे मालक व्हायचं, ही कल्पना तेव्हा इथे नवी होती. आज आपण मेंटेनन्सच्या बिलावरून जे भांडतो, ते त्या मालकीचंच एक अंग आहे.

आपल्यापैकी बरेच जण गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतून इथे आले. चाळीची खोली लहान, पण भोकं भरपूर. दारावर झरोका, लाकडी खिडकीला पट्ट्या, तुळई भिंतीत शिरते तिथे फट, आणि वर मंगलोरी कौलं. ही कौलं 1865 साली बासल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्या कौलांखाली, आजोबांच्या तसबिरीमागे, मीटरच्या पेटीत, पंख्याच्या वाटीत चिमण्या असायच्या. कोणी त्या पाळल्या नव्हत्या आणि कोणी हाकललंही नव्हतं. जमिनीवर गवताच्या काड्या पडलेल्या दिसल्या की आई फक्त पंखा बंद करायला सांगायची.

मग आपण फ्लॅटमध्ये आलो आणि पहिल्याच दिवाळीआधी कामं निघाली. पहिलं काम बाल्कनी आत घेण्याचं. बाल्कनीला चटईक्षेत्रात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असायची, शुल्क भरून ती बंद करायची वाटही रुळली होती. हॉलला चार फूट मिळत असतील तर कोण सोडतो? त्यात गैर काय होतं असं मला वाटत नाही. साडेचारशे फुटांत सहा माणसं राहत होती. मुलाच्या दहावीच्या अभ्यासाचं टेबल बाल्कनीतच बसलं. नंतर बॉक्स ग्रिल आली, मग लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, मोझॅकच्या जागी व्हिट्रिफाइड, कडाप्प्याच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा. (बॉक्स ग्रिलला उघडणारं दार नसेल तर ते आजच करून घ्या. आग लागली तर त्या पिंजऱ्यातून बाहेर पडायला दुसरा रस्ता नाही. हे विषयाला सोडून आहे, तरी लिहितो.)

या प्रत्येक सुधारणेत एकेक भोक बुजत गेलं. लाकडी चौकटीभोवतीची फट सिलिकॉनने भरली. झरोक्याला काच लागली. एक्झॉस्टच्या भोकाला जाळी बसली. प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं, धूळ, डास, गळती नाहीतर चोरी. आणि त्याच काळात भिंतीच्या बाहेरच्या अंगाला नवीन गोष्टी वाढल्या. ए.सी.ची बाहेरची युनिटं आली, त्यांचे अँगल आले, ग्रिलचे सपाट माथे, शोभेचे छज्जे, डक्टमधले आडवे पाइप आले.

इथे पक्ष्यांचं थोडं सांगायला हवं. चिमणीला भोक लागतं. आत शिरता येईल, मागे अंधार असेल आणि मोठ्या पक्ष्याचं डोकं आत येणार नाही, असं. पारवा मुळात कड्यावर राहणारा. त्याला भोक नको, सपाट कट्टा पुरतो, काड्या चार असल्या तरी त्यावर अंडी घालतो. आपण पंचवीस वर्षं भोकं बुजवली आणि कट्टे बांधले. मग चिमण्या गेल्या आणि पारवे आले, यात नवल ते काय? मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या असं आपल्या जिन्यात सर्रास बोललं जातं. मला तरी आधी आपल्या भिंतीकडे बघावंसं वाटतं. 2020 सालच्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात चिमणीची देशभरातली संख्या साधारण स्थिर, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटती दिसली. म्हणजे चिमणी ही जात संपत चाललेली नाही, ती आपल्यासारख्यांच्या वस्तीतून बाहेर पडते आहे. पारव्यांचं म्हणाल तर डक्टला जाळ्या लावण्याचा खर्च आपल्या हिशेबात तीनदा आला आहे, आणि बी विंगमधल्या एका आजींना डॉक्टरांनी विष्ठेच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं आहे. त्या विष्ठेने फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्या-किडे लागतात. गच्चीवर तांदूळ टाकून तेवढ्याने पिल्लं वाढत नाहीत. आपण 2009 च्या सुमारास कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक टाकले. चिखल गेला, गाड्या नीट लागायला लागल्या. उरलेल्या मातीच्या पट्ट्यात माळी दर महिन्याला औषध मारतो. कुंडीतल्या कढीपत्त्यावर हिरवी अळी दिसली की आपणही फवारणीची बाटली घेतो. ती बहुधा फुलपाखराची असते. 2015 साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. चार पानं गेली तरी फोडणी अडत नाही.

तरीही चिमण्या पूर्ण गेलेल्या नाहीत, आणि हा लेख लिहायचं कारण तेच. सी विंगच्या मागच्या भिंतीत, जिन्याच्या बाजूला, बिल्डरने परांचीसाठी ठेवलेली भोकं आहेत. बांबू काढल्यावर ती भरायची राहून गेली. मी मोजली, चिमण्यांची ये-जा असलेली सात आहेत. बिल्डरच्या ज्या आळसाबद्दल आपण पंचवीस वर्षं त्याला नावं ठेवली, त्या आळसावर सात संसार उभे आहेत.

आता आपल्या इमारतीचं वय पंधरा ते तीसच्या मधलं, म्हणून उपविधींप्रमाणे पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. यंदाचं ऑडिट झालं, बाहेरून गिलावा आणि रंगाचं काम निघालं. कंत्राटाच्या मसुद्यात एक ओळ आहे, 'बाह्य भिंतीतील सर्व छिद्रे बुजविणे'. ती योग्यच आहे. पावसाचं पाणी त्याच भोकांतून आत शिरतं, सळई गंजते, काँक्रीट फुगून सुटतं. बाहेरच्या भिंतीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूमला आलेली बुरशी सगळ्यांनी पाहिली आहे. सर्वसाधारण सभेत कोणी म्हणालं, "चिमण्यांसाठी आम्ही ओल सोसायची का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर नाही असंच आहे.

पण दोन गोष्टी जमण्यासारख्या आहेत आणि त्यांना फारसा खर्चही नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत चिमणीला साधारण महिना लागतो. परांची आधी ए आणि बी विंगला बांधली आणि सी विंगची मागची भिंत शेवटी घेतली, तर तेवढा वेळ आपोआप मिळतो. भोक बुजवण्याआधी आत टॉर्च मारून बघायचं, पिल्लं असली तर ते भोक पुढच्या खेपेला. दुसरं म्हणजे, बुजवलेल्या भोकाशेजारी छज्ज्याखाली लाकडी पेटी टांगायची. पेटीचं भोक 32 मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंचाचं हवं. त्यातून चिमणी जाते, साळुंकी किंवा पारवा जात नाही. दुपारचं ऊन येणार नाही अशी बाजू बघायची, आणि पेट्या एकच नाही तर चार-पाच जवळजवळ लावायच्या. चिमण्यांना शेजार लागतो, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्या दिवशी पेट्या वाटण्याचे कार्यक्रम बरेच होतात. मात्र पुष्कळ पेट्या उन्हात नाहीतर पंख्यासमोर टांगलेल्या दिसतात आणि रिकाम्याच राहतात.

सुतारकाम आपल्यातच होईल. ए विंगमधल्या एका निवृत्त काकांकडे करवत, रंधा आणि सव्वा इंचाचा होल-कटर आहे, शिवाय रविवारही मोकळा आहे. मागच्या महिन्यात कोणाच्या तरी जुन्या दिवाणाच्या फळ्या गेटपाशी पडल्या होत्या. त्या मी भंगारवाल्याला दिलेल्या नाहीत, पंपरूममध्ये ठेवल्या आहेत. सचिवांनी कंत्राटदाराशी कामाचा क्रम बोलून घेतला आहे, फक्त तो लेखी यायचा आहे. परांची पावसाळा संपल्यावर बांधली जाईल. तोवर सी विंगच्या मागे गाड्या लावणाऱ्यांना विनंती, की वरून पडलेल्या काड्या बघून वॉचमनला भोकं साफ करायला सांगू नका.