भाडे भरले, खर्चाचे काय?

घरमालक आणि भाडेकरू कोर्टात गेले की एक प्रश्न हमखास निघतो : ‘वकिलाला दिलेले पैसे समोरच्याकडून मिळतील ना?’ मावळात, लोणावळ्यात हा प्रश्न वडगावच्या दिवाणी कोर्टाच्या वाटेवर मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. भाडेकरूला छप्पर टिकवण्याची सवलत मिळाली, पण नुसती थकबाकी भरून भागत नसे. कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही भरावा लागे.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे सामान्यतः हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. मग जिंकलेला मालकही कुरकुरतो का? कारण हुकूमनाम्यात वकिलाची फी त्याच्या पावतीवरून नव्हे, नियमातल्या दराने धरली जाते. त्यात मालक-भाडेकरू दाव्याचे मूल्य ठरते वर्षभराच्या भाड्यावर. महिना २० रुपये भाडे असेल, तर दावा २४० रुपयांचा! त्यावर फी ती किती बसणार? भाडे गोठले, तसा खर्चही गोठला.

२०११ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. दिल्लीतल्या एका भाडेवादात उच्च न्यायालयाने वकिलांची प्रत्यक्ष फी धरून तब्बल ४५ लाख २८ हजार रुपये खर्च लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नियम सोडून खर्च देता येणार नाही, मात्र ते नियम वास्तवाला धरून सुधारावेत, असे न्यायालयाने सांगितले.

महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. थकबाकीच्या दाव्याआधी मालकाने लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबायचे. समन्स मिळाल्यावर भाडेकरूने ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरायची, पुढचे भाडे चालू ठेवायचे आणि दाव्याचा खर्चही द्यायचा. ‘भाडे तर भरले’ म्हणून खर्चाकडे दुर्लक्ष करणारा राहते घर धोक्यात घालतो.

लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या बंगल्याची गोष्ट वेगळी. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ही रक्कम वकिलाच्या फीपेक्षा कितीतरी मोठी होऊ शकते. मात्र करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची.

म्हणून दोन्ही बाजूंना माझे सांगणे एकच : नोटीस आली की आधी हिशेब मांडा. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.