ग्रंथालयप्रणालीत फाइल अपलोड : लिपी एक, संकेत अनेक

छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून मध्य प्रदेशात २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. सौंसरच्या बाजूचे रामाकोना याच पट्ट्यातले. येथे घरची भाषा मराठी, सरकारी कारभार हिंदीतून, आणि दोहोंची लिपी देवनागरी. अशा गावातील ग्रंथालय संगणकीकृत करावयाचे झाल्यास पहिली अडचण ग्रंथयादीची फाइल अपलोड करताना उद्भवते.

युनिकोडपूर्व काळात हिंदी टंकलेखनात ‘कृतिदेव’ रूढ झाला, तर महाराष्ट्रात ‘श्री-लिपी’ व ‘शिवाजी’ यांसारखे फाँट. प्रत्येकाची संकेतरचना निराळी. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘राम’ हा शब्द संगणकाच्या लेखी रोमन जे, के आणि ई ही तीन अक्षरे असतो. देवनागरी दिसते ती केवळ फाँटच्या कृपेने. ही यादी जशीच्या तशी अपलोड केल्यास तालिकेत निरर्थक रोमन अक्षरे उमटतात आणि पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही. म्हणून आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे आणि फाइल यूटीएफ-८ संकेतनात जतन करावी. एकाच यादीत दोन फाँट मिसळले असतील, तर त्यांचे रूपांतर वेगवेगळे करावे लागते.

‘कोहा’ ही मुक्त प्रणाली २००० सालच्या आरंभी न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालयात प्रथम वापरात आली. तिच्यात मार्क स्वरूपातील नोंदी अपलोड होताच तालिकेत जात नाहीत. त्या आधी प्रतीक्षेत राहतात, तपासता येतात, आयात केल्यावरही परत घेता येतात. ही सोय पुष्कळदा घाईत दुर्लक्षिली जाते. दुबार नोंदी आयएसबीएनवरून ओळखता येतात. मात्र जुन्या मराठी पुस्तकांना तो क्रमांकच नसल्याने तेथे शीर्षक व लेखक पडताळणे भाग आहे. त्यातही ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना भेद दिसत नाही, शोधयंत्राला मात्र दिसू शकतो. संपूर्ण तालिकेत एकच पद्धत ठेवावी.

स्कॅन केलेल्या ग्रंथांबाबत धोका अधिक गंभीर. कोहामध्ये अपलोडसाठी वर्गवारी निश्चित केलेली नसेल, तर फाइल तात्पुरती धरली जाते आणि पुढे नष्ट होते. दुर्मीळ अंकांचे महिनोन्‌महिने केलेले स्कॅनिंग असे गमावणे कोणत्याही ग्रंथालयास परवडणारे नाही. तेव्हा प्रथम वर्गवारी करावी, कायमस्वरूपी साठ्याचा मार्ग व्यवस्थापकाकडून निश्चित करून घ्यावा, मूळ प्रत स्वतंत्र डिस्कवर ठेवावी, आणि मगच फाइलचा दुवा नोंदीतील ८५६ क्रमांकाच्या क्षेत्रात द्यावा.

सार्वजनिक डाउनलोडची खूण मात्र सरसकट करू नये. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. अनुवाद असल्यास अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. मुदत संपल्याची खात्री होईपर्यंत फाइल कर्मचाऱ्यांपुरतीच ठेवावी.