चिनी अंतःपुरातील वेष आणि मान

चिनी दूरचित्रवाणीसाठी राजवाड्यातल्या राण्यांवर लांबलचक मालिका तयार होतात. त्यांपैकी एखादी आपण पाहिली असेल, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. तेथे तलवार क्वचितच उपसली जाते. एक राणी दालनात येते, दुसरी तिच्या केसांतल्या फुलाकडे क्षणभर बघते, आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. आता त्या बिचाऱ्या फुलाने असे काय केले? त्याचे उत्तर चिंग घराण्याच्या रीतिरिवाजांत आणि कायद्यांत शोधावे लागते.

हे घराणे मांचू लोकांचे. १६४४ साली त्यांनी बीजिंग घेतले आणि १९१२ पर्यंत चीनवर राज्य केले. राज्यकर्ते मूठभर, प्रजा अफाट. सत्ता कोणाची आहे हे माणसाच्या अंगावरच दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. १६४५ साली हुकूम सुटला, की चिनी पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे वेणी ठेवावी. जो ऐकणार नाही त्याच्या धडावर डोके राहणार नाही. केसांचा आणि राजनिष्ठेचा संबंध तेव्हापासूनचा. तो पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या घराण्यातला सर्वांत प्रतापी म्हणावा असा बादशहा च्येनलुंग. १७३५ साली तो गादीवर आला. त्याने दरबारी वेष, टोप्या, रत्ने, वाद्ये यांचा एक मोठा सचित्र ग्रंथच करवून घेतला. त्याला १७५९ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत तो बजावतो, की आमच्या आधी ज्या ज्या परक्या घराण्यांनी आपला पोशाख टाकून चिनी पोशाख धरला, ती एकदोन पिढ्यांतच बुडाली. इतिहास म्हणून हे कितपत खरे ते सोडा. कपडा बदलला की राज्य जाते, असे मानणारा हा माणूस होता.

अशा माणसाच्या अंतःपुरात काय मोकळीक असणार! राण्यांच्या आठ पायऱ्या. वर पट्टराणी एक, तिच्याखाली दुसऱ्या पायरीवर एक, मग दोन, मग चार, मग सहा. त्याखालच्या तीन पायऱ्यांना संख्येचे बंधन नव्हते. पट्टराणीला दहा दासी, आणि उतरत उतरत अगदी शेवटच्या पायरीवर दोन. समारंभाच्या झग्यांचे पिवळे रंगसुद्धा वाटून दिलेले. पहिल्या दोघींना लखलखीत पिवळा, पुढच्या दोन पायऱ्यांना सोनेरी पिवळा, पाचवीला उदबत्तीसारखा पिवळट तपकिरी. म्हणजे दालनात शिरणाऱ्या बाईचे नाव ठाऊक नसले, तरी तिच्यापुढे किती वाकायचे हे रंग पाहून कळावे. पट्टराणीच्या गळ्यात दरबारी मण्यांच्या तीन माळा, एक मांचुरियातल्या नद्यांतील मोत्यांची आणि दोन पोवळ्यांच्या. एकेका माळेत १०८ मणी. बौद्ध जपमाळेवरून आलेली ही गोष्ट. तिचेही मानचिन्ह झाले!

मालिकांतले कपडे मात्र बहुतेक रोजच्या वापरातले असतात. त्यांना नियमांचा जाच कमी होता, म्हणून वेषभूषाकाराला हात मोकळा मिळतो. कधीकधी जरा जास्तच मोकळा, बरं का! डोक्यावर पंख पसरल्यासारखा जो भला थोरला काळा मुकुट जुन्या छायाचित्रांत दिसतो, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, राजमाता त्सीशीच्या काळचा. अठराव्या शतकातल्या राणीच्या डोक्यावर तो दिसला, तर खुशाल हसावे. पण सुरुवातीला म्हटलेले फूल खरे आहे. च्येनलुंगची पहिली पट्टराणी फुछा हिऱ्यामोत्यांऐवजी साधी कृत्रिम फुले माळीत असे, अशी इतिहासात नोंद आहे. २०१८ सालच्या ‘यान्शी राजवाड्याची कथा’ या मालिकेने ती नेमकी उचलली. जिला सगळे घालता येते तिने काही न घालणे, हाही एक दरारा असतो.

ही फुछा १७४८ साली वारली. शोकाचे शंभर दिवस कोणी डोके भादरायचे नाही, असा रिवाज होता. काही अधिकाऱ्यांनी भादरले, आणि हूग्वांगच्या सुभेदाराला स्वतःच्या हाताने मरण पत्करण्याचे फर्मान मिळाले. एरवी जे केले नाही तर मरण, तेच चुकीच्या दिवशी केले म्हणून मरण.

दोन वर्षांनी, १७५० मध्ये, नारा कुळातली राणी पट्टराणी झाली. १७६५ साली, म्हणजे पानिपतानंतर चौथ्या वर्षी, बादशहा चौथ्यांदा दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा ती बरोबर होती. हांगचौला काहीतरी बिनसले आणि तिने आपले केस कापले. मांचू स्त्री केस कापी ती नवरा किंवा सासू गेली तर. इथे तर दोघेही जिवंत! आपल्याकडे केशवपन विधवेवर लादले जाई. त्या बाईने मात्र ते आपण होऊन, सौभाग्य असताना केले. यापेक्षा मोठा शब्द तिला उच्चारता आला नसता.

तिला जलमार्गाने बीजिंगला परत धाडण्यात आले. पदाच्या सनदा काढून घेतल्या. दहाच्या जागी दोन दासी उरल्या. पदच्युतीचा जाहीर हुकूम मात्र कधीच निघाला नाही. १७६६ मध्ये ती वारली, तेव्हा दुसऱ्या पायरीच्या राणीप्रमाणे अंत्यविधी करा असे फर्मावले गेले, आणि तिला एका दुसऱ्या राणीच्या थडग्यात ठेवले. वेगळे थडगे नाही. च्येनलुंग १७९९ पर्यंत जगला. त्याने पुन्हा पट्टराणी केली नाही.

बिनसले काय, हे कागद सांगत नाहीत, आणि नाटककाराला तेवढी जागा पुरते. २०१८ सालीच निघालेल्या ‘रूयी’ या मालिकेची नायिका हीच नारा, आणि तिच्या ऱ्हासाच्या मुळाशी वै घराण्यातली कपटी राणी दाखवली आहे. ‘यान्शी’ मालिकेत तीच वै नायिका, आणि नारा खलनायिका! एकाच वर्षी, एकाच अंतःपुराच्या या दोन कहाण्या. मला विचाराल तर दोन्हींतली विषे आणि कारस्थाने उसनी वाटतात. बाई केस हातात धरते आणि कात्री उचलते, तो प्रसंग मात्र दोन्हीकडे अंगावर येतो.

राज्यात कुजबुज चालूच राहिली. १७७८ साली बादशहा ईशान्येच्या दौऱ्यावर असताना जिन त्सुंगशान नावाच्या एका माणसाने त्याच्यापुढे अर्ज केला. त्यात नारा राणीच्या बाबतीत आपल्या हातून चूक झाल्याचे बादशहाने कबूल करावे, अशीही मागणी होती. बादशहाने त्याचे डोके उडवले. आणि त्याच प्रकरणातल्या फर्मानात, तेरा वर्षांनी, राणीने स्वतःचे केस कापले होते, हे त्याने स्वतःच राज्याला सांगितले.