वळी आणि वाटी

दिवाळीचा किल्ला करताना मुले माती कालवून वळून पाहतात. वळी तुटली की आणखी पाणी! स्वीडनमधील काल्मार गावच्या अल्बर्ट आटरबर्ग या रसायनज्ञाने १९११ साली असेच काहीसे करून चिकणमातीचा स्वभाव मोजला. बारीक वळी तुटू लागते तेव्हा मातीत पाणी किती, आणि ती पातळ होऊन वाहू पाहते तेव्हा किती? या दोहोंतले अंतर जितके मोठे, तितकी माती घडायला सोयीची आणि इमारतीला धोक्याची, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

आटरबर्गची दृष्टी शेतीकडे होती. इमारतींच्या कामी ती युक्ती रुळवली आर्थर कासाग्रांदे याने. १९३२ साली त्याने पितळी वाटीचे उपकरण बेतले. वाटीत लगदा थापून चीर पाडायची, वाटी आपटत राहायचे. पंचवीस ठोक्यांत चीर तळाशी मिटली, की ती द्रवसीमा. पुढे महायुद्धात धावपट्ट्या घाईने हव्या झाल्या, तेव्हा १९४२ साली त्यानेच मातीचे वर्ग पाडले, दोनदोन अक्षरांचे.

आमची कपाशीची काळी जमीन त्यात बहुधा ‘सीएच’ ठरते. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते; वरच्या भिंतीला तडे जातात. आमचे गवंडी मात्र ही अक्षरे ठाऊक नसतानाही पाया मुरुमापर्यंत खणत आले आहेत.