गावचा संघ परगावी जातो तेव्हा

श्रोतेहो, तुमच्या गावचा आखाडा उद्या कुणी परगावी हलवला तर? लंडनमधल्या विंबल्डनकरांवर तशीच पाळी आली. १८८९ सालचा त्यांचा फुटबॉल संघ मालकांनी सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायचे ठरवले. मे २००२ मध्ये तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने परवानगीही दिली. प्रेक्षकांना विचारतो कोण! पण ही मंडळी हळहळत बसली नाहीत, बरं का. त्यांनी नवा संघ काढला, माळावर खेळाडू निवडले. मालकी सभासदांच्या न्यासाकडे, आणि प्रत्येक सभासदाला एकच मत. नऊ वर्षांत, २०११ साली, संघ व्यावसायिक लीगमध्ये पोचला. २०२० मध्ये तो प्लाउ लेनला परतला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. त्या मैदानावर मात्र एव्हाना घरे उभी राहिली होती.