शिशाची बदकं

मी बी.ए. झालेला, गणित दहावीलाच सुटलं. पण ‘स्प्लाइन’ हा शब्द मनात राहिला. जहाजांचे आराखडे काढणारे लाकडाची लवचिक पट्टी वाकवत आणि शिशाची वजनं ठेवून ती धरून ठेवत. इंग्रज कारागीर त्या वजनांना चक्क बदकं म्हणत! १९४६ साली आयझॅक शोएनबर्ग यांनी पट्टीचं नाव गणितातल्या वक्ररेषेला दिलं.

नदीची पातळी दोन दिवस लागोपाठ मोजली, ती झपाट्यानं चढली. पुढची नोंद थेट महिन्यानं. रेषा त्या चढाच्या ओघात वर फुगते, कुणी न पाहिलेला पूर दाखवते. १९७० साली हिरोशी अकिमा यांनी प्रत्येक नोंदीपाशी रेषेचा उतार फक्त शेजारच्या नोंदींवरून ठरवला. फुगवटा बराच ओसरला. मात्र त्या महिन्यात खरोखर पूर आला असेल, तर तोही या रेषेत नाही.