दिल्लीच्या पाषाणातील भेगा

दिल्लीचा इतिहास सांगताना तिच्या सात राजधान्यांची गणना करण्याचा प्रघात आहे. ह्या राजधान्या ज्या खडकाच्या आश्रयाने वसल्या, त्याची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. अरवली पर्वताची एक शाखा दक्षिणेकडून येते आणि वजिराबादजवळ यमुनेच्या काठी लुप्त होते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. तिचा खडक क्वार्ट्‌झाइट. एके काळची वाळू भूगर्भातील दाबाने व उष्णतेने घट्ट होऊन बनलेला हा पाषाण शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. गियासुद्दीन तुघलकाने चौदाव्या शतकात तुघलकाबादचा प्रचंड कोट उभारला, तो ह्याच दगडाने.

इतका कठीण असूनही हा पाषाण अखंड नाही. तो जागोजाग भेगाळलेला आहे. ज्या भेगेच्या दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या, ती साधी भेग. जिच्यावर एक बाजू दुसरीवरून सरकली, तो प्रस्तरभंग. तळहाताएवढ्या तुकड्यावर केसासारख्या रेषा दिसतात; खाणीच्या कड्यात तशाच रेषा पुरुषभर उंचीच्या होतात; विमानातून वा उपग्रहातून घेतलेल्या चित्रांत त्या कोसच्या कोस पसरतात. म्हणूनच भूवैज्ञानिक कड्याचे छायाचित्र घेताना शेजारी आपला हातोडा ठेवतो. तो नसेल, तर चित्रातील भेग वीतभर आहे की वावभर, हे जाणत्यालाही सांगणे कठीण.

ह्या सारखेपणाला गणिताचाही आधार आहे. लहान भेगा असंख्य, मोठ्या मोजक्या. आणि हे प्रमाण पुष्कळदा ठराविक रीतीने घटत जाते. भूकंपांचीही तीच गोष्ट. गुटेनबर्ग व रिक्टर ह्या शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दाखवून दिले, की भूकंपमान एका अंकाने वाढले म्हणजे तशा भूकंपांची संख्या सुमारे दहापट कमी होते.

परंतु ह्या नियमाला मर्यादा आहेत. थरांच्या खडकात साध्या भेगा थराच्या जाडीशी बांधलेल्या असतात. पातळ थरात त्या जवळजवळ पडतात, जाड थरात दूरदूर. आणि पुष्कळशा थराच्या सीमेपाशी येऊन थांबतात. मोठा प्रस्तरभंग अनेक थर छेदून जातो व वाटेतील लहान भेगांना जोडून घेत वाढतो. तेव्हा हातातील तुकड्याचे चित्र नुसते मोठे केल्याने दिल्लीचा नकाशा तयार होत नाही.

शिवाय त्या नकाशाचा बराच भाग झाकलेला आहे. रिजच्या दोन्ही अंगांस नदीचा गाळ साचला असून काही ठिकाणी तो शंभर मीटरांहूनही खोल आहे. दक्षिणेस सोहना गावी ऊन पाण्याचे झरे आहेत. त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा प्रस्तरभंग उत्तरेकडे दिल्लीच्या दिशेने जातो. इतर कित्येकांचा माग मात्र गाळाखालीच काढावा लागतो.

अशा वेळी इतिहासकाराची साक्ष उपयोगी पडते. महंमदशहाच्या कारकीर्दीत, जुलै १७२० मध्ये, दिल्लीला मोठा भूकंप झाला. खाफीखानाने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. शहराच्या तटाची व अनेक घरांची पडझड झाली आणि पुढे कित्येक दिवस धक्के बसत राहिले. १ सप्टेंबर १८०३ रोजी पुन्हा धरणी हादरली आणि कुतुबमिनाराचा माथा कोसळला. त्या वेळी दिल्ली दौलतराव शिंद्यांच्या अंमलाखाली होती; अवघ्या दहा दिवसांनी पटपडगंजच्या लढाईत ती इंग्रजांच्या हाती गेली. ह्या दुसऱ्या भूकंपाचे मूळ मात्र दूर गढवालच्या हिमालयात होते. दिल्लीतील पडझड पाहून दोष दिल्लीच्याच खडकाला देणे बरोबर नव्हे, एवढा धडा त्यातून मिळतो. उलट, २७ ऑगस्ट १९६० चा धक्का दिल्ली व गुडगाव ह्यांच्या परिसरातलाच होता.

१७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ, अवघ्या पाच किलोमीटर खोलीवर, ४.० भूकंपमानाचा धक्का नोंदला गेला. लहान धक्क्यांनी जमिनीतील ताण निघून जातो व मोठे संकट टळते, अशी समजूत आहे. ती फसवी होय. ६ मानाच्या भूकंपाची शक्ती ४ मानाच्या सुमारे हजारपट असते. एका मोठ्याची भरपाई करावयास असे हजार लहान धक्के लागतील. लहान धक्क्यांचा खरा उपयोग निराळा आहे: कोणती भेग अजून जागी आहे, हे ते सांगतात.

शंभर कोटी वर्षांच्या पाषाणापुढे तीनशे वर्षांच्या लेखी नोंदी फारच तोकड्या आहेत. खाफीखानाच्या दिल्लीहून आजची दिल्ली कितीतरी पट मोठी झाली असून यमुनेच्या मऊ गाळावर तिचे मजल्यांवर मजले चढले आहेत. आणि असा गाळ भूकंपाचा हादरा अधिक तीव्र करतो. खडकातील भेगा बुजविणे मनुष्याच्या हाती नाही. घर बांधताना त्यांची दखल घेणे तेवढे त्याच्या हाती आहे.